अंडे फोडून पाण्यात शिजवताना पांढरा भाग पसरतो. पोच्ड अंडे घरी नीट कसे करावे?

बेंबळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. घरी कोंबड्या असल्यामुळे गावरान अंड्यांची ददात नसते. उन्हाच्या दिवसांत कोंबड्या अंडी कमी घालतात, तेव्हा आठवडी बाजारातून फार्मची पांढरी अंडी आणावी लागतात. उकडलेली अंडी, आम्लेट आणि भुर्जी घरात सर्वांना येते. अंडे फोडून थेट गरम पाण्यात शिजवण्याचा, म्हणजे पोच्ड अंड्याचा, प्रकार मात्र काही केल्या साधत नाही. गंजातले, म्हणजे पातेल्यातले, पाणी खळखळ उकळू लागले की मी त्यात अंडे फोडते आणि कापसाचे बोंड फुटावे तसा पांढरा भाग चहूकडे पसरतो. अर्धा भाग फेसाबरोबर वर येतो, अर्धा तळाला चिकटतो, आणि मधला बलक जवळजवळ उघडाच राहतो. सराट्याने उचलायला गेले की तोही फुटतो.

व्हिडिओंमध्ये कोणी पाण्यात व्हिनेगर घालायला सांगतात, कोणी चमच्याने पाण्यात भोवरा करायला सांगतात, तर कोणी पातळ प्लास्टिकमध्ये अंडे बांधून सोडायला सांगतात. आमच्या गावच्या किराणा दुकानात व्हिनेगर मिळत नाही आणि स्वयंपाकाचा तापमापक तर तालुक्याच्या गावीही मिळणे कठीण आहे. या तीनपैकी खरोखर आवश्यक काय आणि केवळ दिखाऊ काय, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. दुसरे असे की आमच्या घरी सहा माणसे एका वेळी जेवायला बसतात, तेव्हा एकेक अंडे करत बसणे परवडणारे नाही. तिसरे म्हणजे सासूबाईंचे वय ७५ च्या पुढे आहे. त्यांना पातळ बलकाचे अंडे द्यावे की देऊ नये?

ओसरीवरून (उत्तर)

ताई, आपण पाणी खळखळ उकळू देता असे लिहिले आहे, आणि निम्मी अडचण तिथेच आहे. अंड्याचा पांढरा भाग शिजायला १०० अंश लागतच नाहीत. त्यातील काही प्रथिने ६०-६२ अंश सेल्सिअसलाच घट्ट होऊ लागतात आणि सर्वांत जास्त प्रमाणात असलेले प्रथिन ८० अंशांच्या आसपास घट्ट होते. बलक ६५ अंशांच्या सुमारास दाटू लागतो आणि ७० च्या सुमारास आळतो. म्हणून पाणी ८० ते ८५ अंशांवर ठेवले, तर बाहेरचा पांढरा भाग व्यवस्थित धरतो आणि आतला बलक आळायच्या आत अंडे बाहेर काढता येते. उकळत्या पाण्याची उष्णता जितके नुकसान करते त्याहून अधिक नुकसान त्याची खळबळ करते, कारण तळातून उसळणारे बुडबुडे अजून कच्चा असलेला पांढरा भाग अक्षरशः फाडून नेतात.

तापमापक नसला तरी काही अडत नाही. चार वाट्या पाण्याला पूर्ण उकळी आणावी, आच अगदी मंद करावी आणि त्याच वाटीने माठातले एक वाटी पाणी त्यात ओतावे. हिशेब सोपा आहे: १०० अंशांचे चार भाग आणि साधारण २५ अंशांचा एक भाग मिसळला की ८५ अंश होतात, आणि भांड्याने थोडी उष्णता खाल्ली तरी आपण ८० च्या वरच राहतो. डोळ्यांना दिसणारी खूण अशी, की तळाशी बारीक बुडबुडे चिकटून असतात, एखाददुसरा सुटून वर येतो, वाफ निघत असते, पण पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही. याच अवस्थेत अंडे सोडायचे असते. चुलीवर करणार असाल तर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ मागे ओढून घ्यावा आणि केवळ निखाऱ्यांवर भांडे ठेवावे. पऱ्हाटी एकदम भडकते आणि एकदम विझते, त्यामुळे पेटत्या जाळावर ही अवस्था टिकवता येत नाही. माझा अनुभव असा की चांगल्या निखाऱ्यांवर हे काम गॅसपेक्षाही निवांत होते.

आता उरलेल्या निम्म्या अडचणीविषयी. अंड्याचा पांढरा भाग एकजिनसी नसतो. बशीत अंडे फोडून नीट पाहिले तर बलकाभोवती एक जाडसर, उंच उभा राहणारा थर दिसतो आणि त्याच्याही बाहेर पाण्यासारखा पातळ थर पसरलेला दिसतो. पाण्यात ज्या चिंध्या होतात त्या या पातळ भागाच्या असतात. जाड भाग आपला आकार सोडत नाही. तेव्हा पातळ भाग आधीच काढून टाकला की चिंध्या व्हायला काही उरतच नाही. त्यासाठी बुंदी पाडायचा झारा घ्यावा. अंडे प्रथम वाटीत फोडावे, वाटीतून हलकेच झाऱ्यावर ओतावे आणि झारा दुसऱ्या वाटीवर धरून अलगद फिरवावा. दहा-पंधरा सेकंदांत पातळ भाग छिद्रांतून गळून जातो आणि झाऱ्यावर बलकासह जाड भाग गोळा होऊन बसलेला दिसतो. चहाच्या बारीक जाळीच्या गाळणीनेही हे होते, परंतु तीत अंडे जेमतेम मावते आणि जाळीला चिकटून बलक फुटण्याची भीती असते, म्हणून मी झाराच पसंत करतो. गळून पडलेला भाग टाकून देण्याचे कारण नाही. तो भजीच्या किंवा आम्लेटच्या मिश्रणात जातो.

झाऱ्यावरचे अंडे परत वाटीत घ्यावे आणि वाटीची कड पाण्याला टेकवून ते आत सरकू द्यावे. उंचावरून सोडल्यास ते तळावर आपटते आणि तिथेच पसरते. भांडे निदान चार बोटे पाण्याने भरलेले असावे, म्हणजे अंडे खाली जाता जाता त्याच्याभोवती पांढऱ्याचा पातळ पडदा धरू लागतो आणि तळ गाठेपर्यंत त्याला गोलाई येते. अर्ध्या मिनिटाने चमच्याची पाठ त्याच्याखालून हलकेच फिरवली की ते तळाला चिकटत नाही. फार्मच्या अंड्याला साधारण साडेतीन ते चार मिनिटे लागतात. गावरान अंडे लहान असते, ४० ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात पांढऱ्याच्या मानाने बलक मोठा असतो. त्याला तीन मिनिटे पुरतात. झाऱ्यावर उचलून बोटाने हलकेच दाबून पाहावे. पांढरा भाग सर्व बाजूंनी घट्ट आणि मधला भाग लवलवता लागला की काढावे.

भोवऱ्याबद्दल म्हणाल, तर तो एका अंड्यापुरता ठीक आहे. फिरत्या पाण्यामुळे पातळ भाग बलकाभोवती गुंडाळला जातो हे खरे, पण दुसरे अंडे सोडायला गेले की पहिले ओढले जाते आणि दोन्ही बिघडतात. आपल्याला सहा माणसांचे करायचे आहे, तेव्हा भोवऱ्याचा विचार सोडून द्यावा. प्लास्टिकमध्ये बांधून गरम पाण्यात अन्न शिजवणे मला मुळातच पटत नाही, आणि तसे केलेल्या अंड्याला पाण्यात मोकळे शिजलेल्या अंड्याचा मऊपणाही येत नाही. वर घडीच्या सुरकुत्या राहतात त्या वेगळ्याच.

व्हिनेगरवाचून अडत नाही, इतकेच सध्या सांगतो.

पूर्णाकाठ (उत्तर)

वरील उत्तरातील झाऱ्याची युक्ती उत्तम आहे, पण आंबटाविषयी त्यांनी एका वाक्यात विषय संपवला, तो मला थोडा वाढवावासा वाटतो.

अंड्याच्या पांढऱ्या भागातील प्रथिनांवर सारख्याच प्रकारचा विद्युतभार असतो आणि त्यामुळे ती एकमेकांना दूर ठेवतात. पाण्यात आम्ल असले की हा भार कमी होतो, प्रथिने लवकर जवळ येतात आणि पांढरा भाग पसरायच्या आत धरतो. व्हिनेगर हे त्यासाठीचे एक साधन झाले. ते नसेल तर लिंबू आहेच. गोड्या पाण्याच्या एका लिटरला अर्ध्या ते एका लिंबाचा रस पुरेसा होतो. त्याहून जास्त घातल्यास अंड्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि चवीत आंबटपणा उतरतो, जो काहींना आवडतो, मला नाही. चिंच वापरू नये, कारण अंड्यावर तपकिरी झाक येते.

परंतु आमच्यासारख्या खारपाणपट्ट्यातील लोकांची गोष्ट वेगळी आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांच्या मोठ्या भागात, विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारे असते आणि त्यात क्षारांचे प्रमाण बरेच असते. अशा पाण्यात बायकार्बोनेटही विरघळलेले असल्यामुळे लिंबाच्या रसातील आम्ल प्रथम त्याच्याशीच खर्ची पडते आणि अंड्यापर्यंत फारसे पोहोचतच नाही. शहरातले लोक चमचाभर आंबटाने काम झाल्याचे सांगतात आणि आपल्याकडे तेच करून काही उपयोग होत नाही, त्यामागे हे एक कारण असू शकते. दर्यापूरकडे आमच्या घरी बोअरच्या पाण्यात लिंबू जवळजवळ दुप्पट लागते. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे पोच्ड अंड्यासाठी नळाचे, धरणातून आलेले गोडे पाणी वापरावे. लिटर-दोन लिटरचाच तर प्रश्न असतो. यवतमाळकडे खारपाणपट्टा नाही, पण बोअरचे पाणी जड असेल, म्हणजे त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नसेल आणि गंजाच्या आतून पांढरा थर चढत असेल, तर हीच गोष्ट थोड्या प्रमाणात लागू पडते.

मीठ पाण्यात घालू नये, असे माझे मत आहे. मिठाने पांढरा भाग लवकर धरतो खरा, पण कडा विस्कटलेल्या दिसतात. मीठ वरून भुरभुरलेले चांगले.

माझा निष्कर्ष असा की अंडे घरचे आणि त्याच दिवसाचे असेल तर आंबट अजिबात लागत नाही. बाजारातून आणलेल्या, किती दिवसांच्या आहेत हे कुणालाच सांगता न येणाऱ्या अंड्यांना मात्र ते लागते.

पशुवैद्य_वर्धा (उत्तर)

ताज्या अंड्याचा उल्लेख झाला आहे, म्हणून त्यामागचे कारण आणि त्यावरचा उपाय सांगतो, कारण आपल्या भागातील उन्हाळ्यात सगळा खेळ त्यावरच अवलंबून असतो.

कोंबडीने नुकतेच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून हा वायू हळूहळू बाहेर पडतो. तो जसजसा जातो तसतसा पांढरा भाग अल्कधर्मी होत जातो, सुरुवातीला ७.६ च्या आसपास असलेला सामू (पीएच) काही दिवसांत ९ च्या पुढे जातो. या बदलाबरोबर जाड पांढऱ्याची वीण सैल होऊन त्याचे पातळ पांढऱ्यात रूपांतर होत राहते आणि बलकाभोवतीचे पातळ आवरणही कमजोर होते. हीच क्रिया थंडीत सावकाश आणि उष्णतेत झपाट्याने होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकलेला असताना टिनाच्या छपराखाली ठेवलेले अंडे दोन-तीन दिवसांत इतके उतरते की झाऱ्यावर घेतल्यास त्यातील निम्मे गळून जाते. तेव्हा आठवडी बाजारात दिवसभर उन्हात राहिलेल्या क्रेटमधले अंडे पोच करायला घेणे म्हणजे मुळातच हरलेली बाजी आहे. त्याची भुर्जी करावी.

घरच्या अंड्यांसाठी तीन गोष्टी करता येतात. कोंबडीच्या खुराड्यातून सकाळ-संध्याकाळ दोनदा अंडी गोळा करावीत. कळपात कोंबडा असेल तर हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण फलित अंड्यातील गर्भ उन्हाळ्याच्या नुसत्या हवेतल्या उष्णतेनेही वाढू लागतो. अंडी गोळा केल्यावर त्याच दिवशी कवचाला खाद्यतेलाचा अगदी पातळ हात फिरवावा, म्हणजे छिद्रे बुजतात आणि आतला वायू टिकून राहतो; तेल जितक्या लवकर लावाल तितका त्याचा उपयोग अधिक. फ्रिज नसेल किंवा वीज वारंवार जात असेल, तर मातीचे मडके ओल्या वाळूत अर्धे पुरून सावलीत ठेवावे, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे आणि मडक्यात अंडी निमुळते टोक खाली करून ठेवावीत. वाऱ्याची जागा असल्यास मडक्याच्या आत बाहेरच्यापेक्षा बराच गारवा राहतो.

अंडे किती जुने आहे हे पाहायचे असल्यास पाण्याने भरलेल्या भांड्यात सोडावे. ताजे अंडे तळाशी आडवे पडते. काही दिवसांचे अंडे रुंद टोक वर करून तिरपे होते. त्याहून जुने उभे राहते. आडवे पडणारेच पोच करावे. तरंगणारे अंडे कशालाच वापरू नये. या चाचणीने अंड्याचे वय कळते, त्यात रोगजंतू आहेत की नाहीत हे मात्र कळत नाही.

आता सासूबाईंविषयी. साल्मोनेला हा जंतू कवचावरील विष्ठेतून अंड्यात शिरू शकतो, तसाच तो बाधित कोंबडीच्या शरीरातून कवच तयार होण्यापूर्वीही अंड्यात येऊ शकतो, म्हणून वरून स्वच्छ दिसणारे घरचे अंडे निर्धोकच असते असे मानता येत नाही. धडधाकट माणसाला त्याचा त्रास बहुधा काही दिवसांच्या जुलाबांवर निभावतो. वयस्क माणसे, गर्भवती, लहान मुले आणि आजाराने अशक्त झालेली माणसे यांना तो गंभीर होऊ शकतो. त्यांच्यासाठी बलक पूर्ण आळेपर्यंत, म्हणजे मधोमध ७० अंशांपर्यंत उष्णता पोहोचेपर्यंत अंडे शिजवावे. पोच्ड अंडे त्यांना वर्ज्य नाही. त्यांचे अंडे पाण्यात सहा-सात मिनिटे राहू द्यावे आणि काढल्यावर मधून कापून बलक कुठेही ओला नाही याची खात्री करावी. चिरलेले किंवा विष्ठेने माखलेले अंडे कुणासाठीच पोच करू नये. अंडी धुवायची असल्यास वापरण्याच्या अगदी आधी आणि कोमट पाण्याने धुवावीत. थंड पाण्याने धुतल्यास अंड्यातील हवा आकुंचन पावते आणि बाहेरचे घाण पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. धुऊन साठवून ठेवू नयेत, कारण कवचावरचे नैसर्गिक संरक्षक आवरण धुण्याने निघून जाते.

प्रत्येक अंडे स्वतंत्र वाटीत फोडण्याचा आग्रह वर धरला आहे, त्याला माझाही दुजोरा आहे. गावरान अंड्यात क्वचित रक्ताचा ठिपका निघतो; तो अपायकारक नसतो आणि चमच्याच्या टोकाने काढून टाकता येतो. पण वाढू लागलेल्या गर्भाचे अंडे थेट पाण्यात फुटले तर सगळेच पाणी ओतून द्यावे लागते.

बेंबळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाणी गोडेच आहे आणि झाराही घरी आहे. एक शंका उरते. आमच्याकडे नुसते अंडे बशीत घेऊन खाण्यापेक्षा रस्सा-भाकरच लोकांना हवी असते. हीच पद्धत रश्शात चालेल का? की रश्शात अंडे फोडून सोडणे हा निराळाच प्रकार आहे?

वैनगंगेपल्याड (उत्तर)

रश्शात अंडी सोडणे हा आपल्याकडचा जुनाच परिपाठ आहे, आणि पाण्यापेक्षा तो अधिक सोपा आहे, असे मी म्हणेन. रस्सा पाण्यापेक्षा दाट असल्यामुळे अंडे त्यात पसरत नाही आणि टोमॅटो घातला असेल तर आंबटही आपोआप आलेले असते.

एवढेच पाहावे की रस्सा आधी पूर्ण शिजलेला असावा. कांदा, सुके खोबरे आणि खसखस भाजून वाटलेला मसाला तेल सुटेपर्यंत परतून, पाणी घालून, चांगली उकळी येऊन तर्री, म्हणजे तेलाचा तवंग, वर आलेली असली पाहिजे. अंडी सोडल्यावर रश्शाला शिजवत बसायला वेळ मिळत नाही. मग आच कमी करावी, रस्सा शांत होऊ द्यावा आणि डावाच्या पाठीने एका जागी हलका खळगा करून त्यात वाटीतले अंडे सरकवावे. शेजारी दुसरा खळगा, त्याच्या शेजारी तिसरा. अंडी सोडल्यानंतर डाव घालायचा नाही, भांडेही हलवायचे नाही. झाकण ठेवले की वाफेने वरचा भाग शिजतो. झाकणावर साचलेले पाणी अंड्यावर पडू नये, म्हणून झाकण उचलताना एकदम सरळ वर न उचलता बाजूला सरकवावे. पाच मिनिटांत पांढरा भाग धरतो आणि बलक मऊ राहतो. आठ-नऊ मिनिटांत पूर्ण आळतो.

इथे पोच्ड अंड्यापेक्षा एक मोठा फरक पडतो, तो ध्यानात ठेवावा. रस्सा खाली उतरवल्यावरही बराच वेळ गरम राहतो, आणि लोखंडी कढई असेल तर फारच, त्यामुळे आतले अंडे शिजतच राहते. ज्यांना मऊ बलक हवा आहे त्यांची अंडी झाऱ्याने लगेच ताटात काढावीत. सासूबाईंचे अंडे सर्वांत शेवटी काढावे, म्हणजे त्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागत नाही. वरून चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालावा. ज्वारीची भाकर कुस्करून तिच्यावर अंडे फोडले की बलक आणि तर्री एकत्र येऊन जे होते, त्यापुढे हॉटेलातील टोस्ट मला तरी फिका वाटतो.

रश्शासाठी अंडे झाऱ्यावर गाळायची गरज नाही. पातळ भाग सुटला तरी तो रश्शातच राहतो आणि त्याला थोडा दाटपणाच देतो.

मेळघाट_वाटसरू (उत्तर)

एक छोटी पुरवणी. चिखलदऱ्याची उंची सुमारे ११०० मीटर असल्यामुळे इथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते आणि उकडलेल्या अंड्यांना मैदानापेक्षा थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. पोच्ड अंड्याला मात्र काही फरक पडत नाही, कारण ते मुळात उकळीच्या खालीच शिजवायचे असते. चारास एक हे प्रमाण इथेही चालते. पाणी ८० च्या थोडे वर येते, एवढेच. हिवाळ्यात माठातले पाणी फार गार असते, तेव्हा एक वाटीऐवजी पाऊण वाटी घालावे.

ओसरीवरून (उत्तर)

सहा माणसांचा प्रश्न राहून गेला होता, तो पुरा करतो.

पसरट पातेले किंवा मोठी कढई घ्यावी आणि तीन लिटर पाणी वापरावे. पाणी कमी असेल तर अंडी पडताच ते एकदम थंड होते. तीन लिटरांत सहा गावरान अंडी सोडल्यास ते तीन-चार अंशच उतरते आणि मंद आच तेवढे भरून काढते. सर्व अंडी आधी झाऱ्यावर गाळून सहा वाट्यांत तयार ठेवावीत, कारण एक अंडे पाण्यात असताना दुसरे गाळत बसल्यास वेळेचा हिशेब चुकतो. पातेल्याच्या एका कानापासून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेने, दर १५ सेकंदांनी एक, याप्रमाणे कडेकडेने सोडत जावे आणि त्याच क्रमाने काढावे. सासूबाईंचे अंडे कानाजवळ पहिले सोडावे आणि तेवढे मागे ठेवून बाकीची काढावीत.

पाहुणे असतील आणि काम आधी उरकून ठेवायचे असेल, तर अंडी अर्ध्या मिनिटाने कमी शिजवून लगेच माठाच्या गार पाण्यात टाकावीत, म्हणजे आतले शिजणे थांबते. ती फ्रिजमध्ये पाण्यातच झाकून ठेवली तर दुसऱ्या दिवशीही चालतात. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात ती ठेवू नयेत, तेव्हाच वाढावीत. वाढायच्या वेळी उकळते पाणी आणि माठाचे पाणी निम्मे-निम्मे मिसळावे. हे पाणी ६२ अंशांच्या आसपास होते, त्यात अंडी दोन-तीन मिनिटे ठेवली की गरम होतात आणि बलक मात्र आळत नाही. ज्यांना पूर्ण शिजलेलेच द्यायचे आहे त्यांच्यासाठी ही साठवण्याची पद्धत वापरू नये. त्यांचे ताजेच करावे.

काढलेले अंडे झाऱ्यावरच क्षणभर धरून झारा खालून स्वच्छ सुती फडक्याला टेकवावा, नाहीतर छिद्रांत अडकलेले पाणी ताटात उतरते आणि भाकर ओली होते. कडेला एखादी चिंधी राहिलीच असेल तर ती कात्रीने कापावी. आणि झारा लगेच गार पाण्याखाली धरावा. गरम पाण्याने धुतल्यास कच्चा पांढरा भाग छिद्रांतच शिजून बसतो आणि मग तो काढायला काडी घेऊन बसावे लागते.